'वोक' ही शिवी नेमकी कोणाला?

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावातील पोरापोरींच्या तोंडी गेल्या काही वर्षांत असे काही शब्द रुळले आहेत की ऐकणाऱ्या आई-बापाला ते ना इंग्रजी वाटतात ना मराठी. आवडता क्रिकेटपटू 'गोट' असतो. मित्राला आपली गोष्ट खरी वाटावी म्हणून शेवटी 'नो कॅप' म्हणायचे असते. कोणाच्या बोलण्यात 'रिझ' असतो, कोणी 'सॉल्टी' होतो, कोणी कोणाला 'घोस्ट' करतो, आणि मैत्रिणीचा फोटो आवडला की खाली 'स्ले' लिहायचे. बाप संत्र्याच्या तोडणीवर, माय दुसऱ्याच्या वावरात निंदणाला, आणि पोरगा एसटीची वाट पाहताना भौ म्हणायचे सोडून 'ब्रो' म्हणतो. यात हसण्यासारखे काही नाही. हातात मोबाइल आला, मोबाइलमध्ये जग आले, जगाबरोबर जगाची बोलीही आली.

ज्यांना हे शब्द ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी अर्थ सांगून टाकतो. 'गोट' म्हणजे बकरी नव्हे. 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' या चार शब्दांची ती आद्याक्षरे, म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ. 'कॅप' म्हणजे थाप, म्हणून 'नो कॅप' म्हणजे थाप नाही, खरेच सांगतो. 'रिझ' हा 'करिझ्मा' या शब्दाचा मधला तुकडा, समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी. 'सॉल्टी' म्हणजे मनाला लागल्यामुळे चिडलेला. 'टी' म्हणजे चहा नव्हे, आतली खबर. 'स्ले' म्हणजे जिंकलेस. 'घोस्ट' करणे म्हणजे काही न सांगता भुतासारखे नाहीसे होणे. आणि २०२५ साली लहान पोरांच्या तोंडी बसलेल्या 'सिक्स सेव्हन'ला काहीच अर्थ नाही. तरीही इंटरनेटवरच्या एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने त्याला त्या वर्षाचा शब्द ठरवले.

या बोलीवर आपल्या घरांमध्ये दोनच प्रतिक्रिया दिसतात. एक, पोरगं वाया गेलं. दुसरी, पोरगं इंग्रजी बोलायला लागलं! दोन्हीकडे शब्द कोणाचा, हा प्रश्न विचारला जात नाही. आंबेडकरी माणसाने तो आधी विचारला पाहिजे.

कारण यातले बहुतेक शब्द गोऱ्या साहेबाचे नाहीत. ते ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या वर्गात जन्मले नाहीत. ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून आले आहेत. 'नो कॅप' अटलांटा शहरातील कृष्णवर्णीय रॅप गायकांनी जगभर नेला. 'रिझ' लोकप्रिय करणारा काई सेनाट हा न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय तरुण. ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून त्याचाच शब्द निवडला. 'स्ले' आणि 'टी' हे शब्द ज्यांना त्यांच्या स्वतःच्या घरांनीही बाहेर काढले होते अशा कृष्णवर्णीय समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या मेळ्यांमधून आले. आणि 'सिक्स सेव्हन'चा उगम फिलाडेल्फियाच्या स्क्रिला नावाच्या रॅपरच्या गाण्यात आहे. सगळेच शब्द तिकडचे, असे मी म्हणणार नाही. 'डेलुलू' हा शब्द कोरियन गाण्यांच्या चाहत्यांनी काढला. पण ज्या शब्दांना आज तरुण जग 'कूल' म्हणते त्यांची मोठी रास गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांनी घातलेली आहे. आणि 'कूल' हा शब्द तरी आजच्या अर्थाने कोणी रूढ केला? त्यांच्याच जॅझ वाजवणाऱ्यांनी.

शोषितांना अशी वेगळी बोली का लागते? मालकाला कळू नये म्हणून. आपल्याकडे महानुभावांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या तयार केल्या, त्यामागेही आपले धन परक्याच्या हाती पडू नये हीच गरज होती. विल्यम मेल्व्हिन केली या कृष्णवर्णीय लेखकाने १९६२ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये याच विषयावर एक लेख लिहिला. गोरे तरुण आमची बोली उचलतात, आणि त्यांनी उचलली की आम्हाला ती बदलावी लागते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे शब्द घेतला जातो, पण शब्द घडवणाऱ्याला शेजारी घर मिळत नाही. गाणे चालते, गाणारा चालत नाही. तमाशा, शाहिरी आणि हलगी यांची महाराष्ट्रात काय गत झाली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

केलीच्या त्या लेखाच्या मथळ्यात एक शब्द होता, 'वोक'. आजचा खरा विषय हा शब्द आहे.

'वोक' म्हणजे जागा. इंग्रजी व्याकरणाच्या मास्तराला चूक वाटेल अशी ही कृष्णवर्णीयांची रांगडी रचना. १९३१ साली अलाबामा राज्यात स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय पोरांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा खोटा आरोप ठेवला गेला. फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीने त्यातल्या आठ जणांना देहदंड सुनावला. पुढे त्या दोघींपैकी एकीने आपली साक्ष खोटी होती हे न्यायालयात सांगितले. फाशी टळली, पण पोरांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. त्यातल्या शेवटच्या तिघांना अलाबामाने मरणोत्तर माफी दिली ती थेट २०१३ मध्ये. या प्रकरणावर लेड बेली या लोकगायकाने १९३८ मध्ये गाणे ध्वनिमुद्रित केले आणि गाणे संपल्यावर तो बोलला की तिकडून जाणाऱ्या आपल्या लोकांनी सावध राहावे, 'वोक' राहावे. म्हणजे हा शब्द फॅशन म्हणून जन्मला नाही. तो जीव वाचवण्यासाठी जन्मला. २०१४ साली फर्ग्युसन येथे मायकल ब्राउन हा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेल्यानंतर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' आंदोलनाने तोच शब्द पुन्हा रस्त्यावर आणला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने त्याची नोंद घेतली.

आणि मग त्या शब्दाचे काय केले गेले ते पाहा. पाच वर्षांच्या आत त्याची शिवी झाली. फ्लोरिडा राज्यात २०२२ मध्ये जो कायदा आणला तो 'स्टॉप वोक' याच नावाने ओळखला गेला. वंशवादाचा इतिहास वर्गात कसा शिकवावा यावर त्याने बंधने घातली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर बोलताना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आपला देश यापुढे 'वोक' राहणार नाही असे जाहीर केले. एखाद्या देशाचा प्रमुख आपला देश आता जागा राहणार नाही असे सांगतो आणि सभागृहातील त्याच्या पक्षाचे लोक टाळ्या वाजवतात, याचा शब्दशः अर्थ काय होतो?

हे अमेरिकेचे झाले. पण हा शब्द नागपुरातही येऊन पोहोचला आहे. २४ ऑक्टोबर २०२३ रोजी विजयादशमीच्या भाषणात सरसंघचालक मोहन भागवत यांनी स्वतःला 'सांस्कृतिक मार्क्सवादी' किंवा 'वोक' म्हणवणाऱ्यांना समाजात अराजक पसरवणाऱ्या शक्तींमध्ये बसवले. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०२४ च्या विजयादशमीला 'डीप स्टेट', 'वोकिझम' आणि 'कल्चरल मार्क्सिस्ट' हे सर्व सांस्कृतिक परंपरांचे घोषित शत्रू असल्याचे सांगितले. ज्या संघटनेचा सारा भर स्वदेशी आणि संस्कृत शब्दांवर, तिला आपल्या शत्रूचे नाव ठेवायला अमेरिकेतील उजव्यांची शिवी उसनी घ्यावी लागली, हीही गंमतच.

आता त्याच नागपुरात, त्याच विजयादशमीला दुसरीकडे काय असते? १९५६ सालच्या अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली. बुद्ध या शब्दाचा अर्थ काय? जागा झालेला. 'बुध्' या धातूचा अर्थच जागे होणे, जाणणे. तथागतांचा अखेरचा उपदेश अप्पमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा आहे. आणि त्याच १९५६ सालच्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी 'जनता' पत्राचे नाव बदलून 'प्रबुद्ध भारत' केले. 'प्रबुद्ध' म्हणजे पूर्ण जागा. आजच्या पोरांच्या बोलीत सांगायचे तर बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या वृत्तपत्राचे नाव 'वोक इंडिया' ठेवले होते. तेव्हा रेशीमबागेतून 'वोक' ही शिवी हासडली जाते तेव्हा ती दिल्ली-मुंबईच्या कॉलेजातील चार इंग्रजाळलेल्या पोरांना आहे, असे समजून आपण हसत बसायचे काय? दीक्षाभूमीपासून रेशीमबाग काही फार दूर नाही.

दुःख याचे आहे की आपल्याच माणसांनी हा शब्द त्यांच्या अर्थाने उचलला. अमरावती-अकोल्याच्या आपल्या नोकरदार वस्त्यांमध्ये, ज्यांच्या देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेब आहेत अशा घरांमध्ये, कॉलेजात जाणारी मुलगी हुंड्यावर, आंतरजातीय लग्नावर, कंत्राटी सफाई कामगारांच्या पगारावर प्रश्न विचारते तेव्हा बाप व्हॉट्सअ‍ॅपवर शिकलेला शब्द तिच्या अंगावर फेकतो, 'फार वोक झाली तू!' त्याला माहीत नसते की तो स्वतःच्या मुलीला प्रबुद्ध म्हणतो आहे आणि ते वाईट आहे असेही म्हणतो आहे.

आपल्या चळवळीने कृष्णवर्णीयांकडून शब्द उसना घेण्याची ही पहिली वेळ नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा त्यांना दोन्ही गुलामगिऱ्यांची तुलना नीट ठाऊक होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ च्या जुलैत त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या त्यांच्या अर्जाची प्रत मागितली. १९६६ मध्ये तिकडे ब्लॅक पँथर स्थापन झाली आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. 'पँथर' हा शब्द त्यांनी अर्थासह, इतिहासासह, जबाबदारीसह घेतला. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि कामाठीपुऱ्याच्या बोलीने मराठी कवितेचा दिवाणखाना हादरला. त्याची प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कित्येक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. म्हणजे प्रस्थापिताला आपल्या बोलीचा अर्थ विचारायला लावणारी ती पिढी होती. आजची पिढी त्याच कृष्णवर्णीयांचे दहा शब्द रोज वापरते आणि त्यातल्या एकाचाही पत्ता तिला माहीत नाही. दोष तिचा नाही. आम्ही सांगितलाच नाही.

इंग्रजीच्या न्यायाबद्दलही भाबडे राहू नये. या भाषेने भारतातून दोन जातींची नावे उचलली. तमिळनाडूतील परैयर या अस्पृश्य जातीच्या नावावरून 'परायाह' शब्द केला आणि त्याचा अर्थ बहिष्कृत, वाळीत टाकलेला असा ठरवला. वाऱ्यावरच्या कुत्र्यालाही 'परायाह डॉग' म्हटले. आणि ब्राह्मण हा शब्द उचलला तेव्हा? बॉस्टन शहरातील श्रीमंत, कुलीन घराण्यांना 'बॉस्टन ब्राह्मिन' ही पदवी मिळाली. एक शब्द शिवी झाला, दुसरा बिरुद झाला. साता समुद्रापलीकडे जातानाही मनूने आपली पायरी सोडली नाही!

आता उलट बाजूचा शब्द. तो इंग्रजी नाही, पण 'रिझ' आणि 'स्ले' ज्या मोबाइलमधून येतात त्याच मोबाइलमधून, त्याच रोमन अक्षरांत तो येतो. तो शब्द 'छपरी'. केस रंगवलेला, घट्ट पॅण्ट घातलेला, सेकंडहँड मोटारसायकलवर तिघे बसून जाणारा, भडक गाण्यावर रील काढणारा गरीब पोरगा म्हणजे छपरी. या शब्दाचा संबंध छप्परबंद या जमातीशी जोडला जातो. घरांची छपरे शाकारणारी ही जमात महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळावर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, त्या लोकांपैकी हे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण ऐंशी वर्षांत कायद्याने जे केले ते आता रीलखालची एक कॉमेंट करते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या कोणत्याही व्हिडिओखाली जाऊन पाहा, नाचणाऱ्या पोरांना उद्देशून हा शब्द सापडेल.

या शब्दाची सोय लक्षात घ्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांत जातीच्या नावाने शिवी देणे गुन्हा ठरवले. म्हणून जात न घेता जात दाखवणारी बोली तयार झाली. 'छपरी' म्हटले की गुन्हा नाही. 'कोटावाला' म्हटले की गुन्हा नाही. नुसते 'तुझी रँक किती?' विचारले की तर गुन्हा नाहीच नाही, ती तर आपुलकीची चौकशी! पण त्या आकड्यातून प्रवेश कोणत्या प्रवर्गातून झाला हे विचारणाऱ्याला कळते. मुंबईच्या आयआयटीत फेब्रुवारी २०२३ मध्ये दर्शन सोळंकी या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी त्या संस्थेला विद्यार्थ्यांसाठी सूचना काढावी लागली की एकमेकांना प्रवेश परीक्षेतील रँक विचारू नका, कारण त्यातून जात शोधली जाते. रँक हा शब्द कोणत्याही कोशात शिवी म्हणून सापडणार नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो चांगलाच होता. पण महारवाड्याची पाटी उतरवून समतानगरची लावता येते. रँक विचारणाऱ्याच्या तोंडावर कोणती पाटी लावायची?

आणि येथेही आपल्या घरात पाहावे लागते. चांदूर बाजारचा बौद्ध पोरगा बॅण्डपथकात वाजवणाऱ्या, पालात राहणाऱ्या, वडाराच्या किंवा पारध्याच्या पोराला बिनदिक्कत 'छपरी' म्हणतो. त्याला तो नुसता एक मजेदार नवा शब्द वाटतो. उद्या पुण्याच्या होस्टेलवर हाच शब्द त्याच्याच नावापुढे लागणार आहे, याची त्याला कल्पना नसते.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर भाषेच्या दाराबद्दलही बोलू. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या मराठीच्या व्याकरणाची टिंगल केली होती. विचाराला उत्तर नसले की व्याकरण तपासायचे, ही जुनी रीत आहे. सावित्रीबाईंनी मात्र १८५४ च्या 'काव्यफुले'मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. त्यांना ठाऊक होते की हे दार आपल्यासाठी उघडे आहे. आज त्या दारावर नवा पहारेकरी आहे. आमचा पोरगा 'काऊन बे' म्हणाला की पुण्यात हसतात. मग तो वऱ्हाडी दडवतो, प्रमाण मराठीचा आव आणतो, आणि वर दोन-चार 'ब्रो', 'नो कॅप' पेरतो. मुलाखतीत मात्र यातले काहीच चालत नाही. तेथे साधे, सरळ, व्याकरणशुद्ध इंग्रजी लागते आणि ते मोबाइलच्या बोलीतून येत नाही. ज्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे तेथला पोरगा बोली मित्रांपाशी वापरतो आणि मुलाखतीत दुसरी भाषा काढतो. त्याच्याकडे दोन सदरे आहेत. आमच्याकडे एकच, आणि तोही उसना.

वऱ्हाडीची लाज बाळगण्याचे तर काहीच कारण नाही. चांदूर बाजारच्या शेजारी मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचे हे ठाणे. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' येथलेच, तेराव्या शतकातले. संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, अशा अर्थाचे बोलून नागदेवाचार्यांनी आपल्या पंडित शिष्याला मराठीकडे वळवले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पुरावा म्हणून जे ग्रंथ मांडले जातात त्यांत हे ग्रंथ आहेत, आणि मराठी भाषा विद्यापीठही याच रिद्धपूरला निघाले. गाडगेबाबा वऱ्हाडीतच बोलले. त्यांच्या कीर्तनाला लाखो लोक जमत ते त्यांचे व्याकरण तपासायला नव्हे. तेव्हा 'काऊन बे'ला हसणाऱ्याला कारण विचारायला हरकत नाही. 'काऊन' या शब्दाचा अर्थच 'का' असा आहे!

आपल्या बहुतेक विहारांत रविवारी वंदना होते, खीरदान होते, कोठे अभ्यासिकाही चालते. तेथे महिन्यातून एक तास या शब्दांसाठी काढता येईल. पोरांनीच फळ्यावर शब्द लिहावेत, कारण ते त्यांना आपल्यापेक्षा अधिक येतात. एखाद्या शिक्षकाने किंवा वाचणाऱ्या कार्यकर्त्याने त्या शब्दाचा जन्म कोठे झाला ते सांगावे: स्कॉट्सबरो, जॅझ, पँथर. मग तोच अर्थ साध्या इंग्रजीत कसा सांगायचा, मुलाखतीच्या टेबलावर कसा सांगायचा, ते पोरांकडून वदवून घ्यावे. ज्या शब्दाने कोणाची जात काढली जाते तो शब्द फळ्यावर लिहून, त्याचा अर्थ समजावून, पुसावा. याला खर्च नाही, फळा आणि खडू लागतो. एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश मात्र विहाराने विकत घ्यावा, आणि तो काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नये.